हे पीक कोणाचं?

बी.फार्म.ला असताना मेथोट्रेक्सेट हा माझ्यासाठी पाच मार्कांचा प्रश्न होता. फॉलिक आम्लासारखा दिसणारा रेणू, डायहायड्रोफोलेट रिडक्टेज या विकराची वाट अडवतो, पेशीला डीएनए बांधायला लागणारा माल मिळत नाही, आणि भराभर वाढणाऱ्या पेशी आधी मरतात. एवढं लिहिलं की मार्क मिळायचे. पुढे एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये नोकरी केली. तिथे गोळ्या कुटायच्या, विरघळवायच्या, गाळून एचपीएलसीला लावायच्या. ठरलेल्या मिनिटाला पडद्यावर पीक, म्हणजे आलेखातलं टोक, यायचं आणि त्याखालचं क्षेत्रफळ सांगायचं की गोळीत औषध लेबलवर लिहिलंय तेवढं आहे की नाही. औषध मिलिग्रॅममध्ये असायचं, यंत्र लाखांचं असायचं, आणि हे पीक कोणाचं असा प्रश्न कधी पडायचा नाही.

म्हणून एका विद्यापीठाच्या इलेक्ट्रोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये प्रोजेक्ट फेलो म्हणून रुजू झाले तेव्हा काम ओळखीचं वाटलं. रक्तद्रवातलं मेथोट्रेक्सेट मोजायचं, फक्त एचपीएलसीऐवजी विजेच्या सेन्सरने.

"किती असेल त्यात?" मी विचारलं.

"एक मायक्रोमोलरच्या आसपास," लॅबच्या मॅडम म्हणाल्या. "आणि तिथून खाली, दहाव्या भागापर्यंत."

त्या आकड्याचा अंदाज यावा म्हणून रात्री मी वहीत हिशेब मांडला. गच्चीवरची पाण्याची टाकी हजार लिटरची धरली, तर तिच्यात ४५४ मिलिग्रॅम, म्हणजे अर्ध्या ग्रॅमहून थोडं कमी मेथोट्रेक्सेट विरघळवल्यावर पाणी एक मायक्रोमोलर होतं. दहावा भाग हवा असेल तर तेवढंच औषध दहा टाक्यांत. आणि माझ्या हातात टाकी नसणार, जेमतेम मिलिलिटरभर रक्तद्रव असणार. त्यात औषध अर्धा मायक्रोग्रॅमही नाही. कंपनीत एवढं औषध तर काचेला चिकटून वाया जायचं.

हाच आकडा का, हे मॅडमनी सांगितलं नाही. शोधून या म्हणाल्या. संधिवाताच्या रुग्णाला मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा देतात, साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. ऑस्टिओसार्कोमा या हाडांच्या कर्करोगात तेच औषध शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १२ ग्रॅमपर्यंत, चार तासांत शिरेतून देतात. ग्रॅम! इतकं औषध शरीरात मुक्कामाला राहिलं तर रुग्ण कर्करोगाआधी औषधानेच जाईल. म्हणून साधारण चोविसाव्या तासापासून ल्युकोव्होरिन सुरू करतात. ते निरोगी पेशींना तयार फॉलेट पुरवतं, अडवलेल्या वाटेला वळसा घालून. तोवर मूत्रपिंडं मेथोट्रेक्सेट बाहेर काढत असतात. लघवी आम्लधर्मी झाली तर त्याचे स्फटिक मूत्रपिंडातच बसतात, त्यामुळे सलाइन आणि सोडियम बायकार्बोनेट चालूच ठेवावं लागतं. या सगळ्या काळात डॉक्टरांना एकच गोष्ट कळायला हवी असते: औषध निघतंय की अडकलंय? चार तास शिरेतून दिलेल्या औषधासाठी नेहमी सांगितली जाणारी सीमा अशी, की २४ तासांनी १० मायक्रोमोलर, ४८ तासांनी १ आणि ७२ तासांनी ०.१. याच्या वर आकडा दिसला तर ल्युकोव्होरिन वाढवायचं, जास्त दिवस द्यायचं. फारच वर असेल तर ग्लुकार्पिडेज नावाचं महागडं विकर, जे मेथोट्रेक्सेटचे तुकडे करतं.

मोठ्या रुग्णालयांत हे मोजमाप इम्युनोअसे यंत्रावर होतं. जिथे यंत्र नाही तिथे नमुना दुसऱ्या गावी पाठवतात, किंवा क्रिएटिनिन आणि लघवीचा सामू बघत दिवस काढतात. आकड्याची गरज आज रात्री असते आणि अहवाल उद्या-परवा येतो, अशी सगळी अडचण आहे. आमचा सेन्सर हवा होता तो यासाठी.

शोधता शोधता एक नाव सापडलं जे फार्मसीच्या चार वर्षांत कोणी उच्चारलं नव्हतं. मेथोट्रेक्सेटच्या आधी आलेलं त्याचं थोरलं भावंड म्हणजे अमिनोप्टेरिन. १९४८ साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना ते देऊन, थोड्या काळापुरता का होईना, आजार मागे हटल्याचं दाखवलं. ते औषध लेडर्ले कंपनीच्या ज्या संशोधन विभागातून आलं, त्याचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये ते वारले. आमच्या पाठ्यपुस्तकात औषधाचं सूत्र होतं, माणूस नव्हता. असो.

लॅबमध्ये माझ्या टेबलाशेजारी पीएचडीचा शेवटच्या टप्प्यातला एक विद्यार्थी बसायचा. वयाने माझ्यापेक्षा लहान, मला ताई म्हणायचा. पण तिथे थोरला तोच. त्याने मला आमचं 'यंत्र' दाखवलं आणि मी बघतच राहिले. दहा मिलिलिटरची काचेची कुपी. तिच्या टेफ्लॉनच्या झाकणातून आत सोडलेल्या तीन कांड्या, म्हणजे इलेक्ट्रोड. एक ग्लासी कार्बनची, टोकाला तीन मिलिमीटर व्यासाची काळी, आरशासारखी टिकली. खरी घडामोड हिच्यावर. दुसरी सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडची, जी स्वतः काही करत नाही, फक्त व्होल्टेज कुठून मोजायचा ते शून्य धरून ठेवते. तिसरी प्लॅटिनमची तार, प्रवाहाला परतीचा रस्ता. तिन्ही वायरी पोटेन्शिओस्टॅट नावाच्या, जाड डिक्शनरीएवढ्या डब्यात. संपलं.

"आणि कॉलम?" मी विचारलं.

"कॉलम नाही ताई."

एचपीएलसीत कॉलम रेणूंना आधी वेगळं करतो. प्रत्येक जण आपापल्या मिनिटाला बाहेर पडतो आणि मग डिटेक्टर त्याला मोजतो. इथे सगळे रेणू एकाच कुपीत, एकाच वेळी, एकाच टिकलीसमोर. त्यांना वेगळं ओळखायची खूण एकच: कोणता रेणू किती व्होल्टला इलेक्ट्रॉन सोडतो. व्होल्टेज हळूहळू वाढवत न्यायचा. मेथोट्रेक्सेटची पाळी साधारण ०.८ ते ०.९ व्होल्टला येते. तिथे प्रवाह उसळतो, पीक येतं, आणि पिकाची उंची म्हणजे औषधाचं प्रमाण. तीही जागा पक्की नाही. बफरचा सामू बदलला की पीक सरकतं, कारण इलेक्ट्रॉनबरोबर प्रोटॉनही जातात. दोघांची संख्या सारखी असेल तर सामूच्या दर एककामागे सुमारे ५९ मिलिव्होल्ट. पत्ता बदलत राहणाऱ्या माणसाला शोधायचं तर आधी बफरचा सामू नीट बांधायला हवा, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

पण त्या आठवड्यात मेथोट्रेक्सेटची बाटली कोणी उघडूच दिली नाही. सगळा वेळ गेला पॉलिश करण्यात. मखमलीसारख्या कापडावर अल्युमिनाची पातळ पेस्ट, आधी १ मायक्रॉनची, मग ०.३, मग ०.०५. इलेक्ट्रोड उभा धरून इंग्रजी आठच्या आकारात फिरवायचा, तिरका होऊ द्यायचा नाही. मग पाण्याने धुवायचा, सोनिकेटरमध्ये धरायचा, आणि फेरोसायनाइड-फेरिसायनाइडच्या द्रावणात त्याची परीक्षा घ्यायची. जातानाचं पीक आणि येतानाचं पीक यांत अंतर किती? पुस्तक म्हणतं ५९ मिलिव्होल्ट. प्रत्यक्षात सत्तर-ऐंशी आलं तरी पास. त्याहून जास्त आलं तर परत कापडाकडे. मनगट भरून यायचं. एवढं शिकून मी काय भांडी घासायला आले का, असं एकदा मनात येऊन गेलं.

जुन्या लोकांना हा त्रास नव्हता. प्रागमध्ये यारोस्लाव्ह हेयरोव्हस्की यांनी १९२२ साली व्होल्टेज वाढवत प्रवाह मोजण्याचं हे शास्त्र सुरू केलं, तेव्हा त्यांचा इलेक्ट्रोड होता पाऱ्याचा थेंब. बारीक काचेच्या नळीतून थेंब वाढतो, गळतो, मागून नवा येतो. दर थोड्या सेकंदांनी कोरा करकरीत पृष्ठभाग, घासणं नाही की पुसणं नाही. १९५९ साली त्यांना नोबेल मिळालं. पुढे पारा विषारी म्हणून प्रयोगशाळांतून हद्दपार होत गेला आणि आमच्या हातात कापड आलं. पारा गेला हे बरंच झालं. तरी घासताना त्या थेंबाचा हेवा वाटायचा.

औषध हाताळायची वेळ आली तेव्हा आधी कपडे बदलले. दुहेरी नायट्राइल हातमोजे, पूर्ण बाह्यांचा गाउन, वजन करायचं ते सेफ्टी कॅबिनेटमध्ये. कंपनीत ही शिस्त होतीच, पण तिच्यामागची गोष्ट मला इथे कळली. १९७९ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी कर्करोगाची औषधं तयार करणाऱ्या परिचारिकांची लघवी तपासली आणि तिच्यात जीवाणूंमध्ये उत्परिवर्तन घडवणारं काहीतरी सापडलं. औषध रुग्णाला दिलं जात होतं आणि त्याची खूण देणारीच्या अंगात उमटत होती. त्यानंतर वॉर्डातल्या टेबलांवर, सिरिंजच्या ट्रेवर, दारांच्या कड्यांवर ही औषधं पुसून-पुसून शोधली जाऊ लागली. म्हणजे सूक्ष्म मात्रा पकडायची गरज फक्त रुग्णाच्या रक्तापुरती नाही. आपल्याकडे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार असा कचरा वेगळ्या पिवळ्या पिशवीत, त्यावर सायटोटॉक्सिक असं लिहून, आणि जाळायचा तर १२०० अंश सेल्सिअसच्या वर. आमच्या टिप्स, टिश्यू पेपर, उरलेली द्रावणं, सगळं त्याच वाटेने जातं.

मेथोट्रेक्सेटची पिवळी पूड साध्या पाण्यात नीट विरघळत नाही. थोडं सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की लगेच विरघळते. उजेड तिला सोसत नाही, म्हणून बाटलीला अल्युमिनियम फॉइल. शेजारच्या टेबलावर डॉक्सोरुबिसिनवर काम चालायचं. ते लालभडक, इतकं की केमोच्या वॉर्डात त्याला लाल सैतान म्हणतात. त्याची आणखी वेगळी खोड: काचेला, प्लॅस्टिकला चिकटून बसतं. द्रावण फार पातळ केलं की निम्मं औषध भांड्याच्या भिंतीने खाल्लेलं असू शकतं. शिवाय त्याचा क्विनोनचा भाग ऋण बाजूला, उणे ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास इलेक्ट्रॉन घेतो, आणि त्याच वाटेवर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजनही इलेक्ट्रॉन मागत असतो. म्हणून त्या टेबलावर आधी नायट्रोजनचे बुडबुडे सोडत बसायचं. आमचं औषध धन बाजूला असल्यामुळे तेवढी एक कटकट वाचली.

मग एकदाचा पहिला स्कॅन. पडद्यावर रेषा नव्हतीच, सुरवंट होता. प्रत्येक बिंदूवर केसाळ. "पंखा बंद करा," शेजारून आवाज आला. पंखा बंद केला, सुरवंट थोडा बारीक झाला. मोबाइलचा चार्जर काढला. सोनिकेटर थांबवला. अर्थिंगची तार घासून परत लावली. शेवटी कुपी एका जाळीच्या डब्यात ठेवली, गावातल्या फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेल्या अल्युमिनियमच्या जाळीचा डबा, शास्त्रातलं नाव फॅरेडे केज. रेषा गुळगुळीत झाली. एक नॅनोअँपियर म्हणजे सेकंदाला सहाशे चोवीस कोटी इलेक्ट्रॉन. ऐकायला प्रचंड वाटतं, पण भिंतीतून धावणाऱ्या पन्नास हर्ट्झच्या विजेपुढे ते काहीच नाही. कंपनीच्या एअर कंडिशन्ड खोलीत वीज ही फक्त बिलात दिसायची.

रेषा गुळगुळीत झाली तरी पीक दिसेना. इथे मला या विद्येतली खरी हुशारी कळली. व्होल्टेज बदलला की दोन प्रकारचे प्रवाह वाहतात. टिकलीच्या पृष्ठभागाशी आयनांची मांडणी बदलते त्याचा एक. औषध असो वा नसो, तो येणारच. आणि रेणूने खरोखर इलेक्ट्रॉन दिला त्याचा दुसरा. मला हवा होता दुसरा, आणि तो पहिल्याखाली गाडला गेला होता. सुटका अशी, की पहिला प्रवाह झटकन विरतो, दुसरा रेंगाळतो. डिफरन्शियल पल्स व्होल्टॅमेट्रीत, लॅबच्या भाषेत डीपीव्हीत, व्होल्टेजला छोटा धक्का देतात, समजा ५० मिलिव्होल्टचा. धक्क्याच्या आधी एकदा प्रवाह मोजायचा, धक्का संपता संपता एकदा, आणि वजाबाकी करायची. तोवर आयनांचा गोंगाट बराचसा निवलेला असतो. साध्या सीव्हीत, म्हणजे सायक्लिक व्होल्टॅमेट्रीत, जिथे सपाट माळ होता तिथे डीपीव्हीत टेकडी उभी राहिली. ०.८५ व्होल्ट, सुरेख, दोन्ही बाजूंनी उतरती. मी फोटो काढला.

शेजाऱ्याने फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. "ताई, आता हाच इलेक्ट्रोड धुऊन कोऱ्या बफरमध्ये घाला."

कोऱ्या बफरमध्ये औषधाचा रेणूही नव्हता. स्कॅन लावला. ०.८५ ला टेकडी. थोडी ठेंगणी, पण तीच.

मेथोट्रेक्सेट कार्बनला चिकटतं, आणि इलेक्ट्रॉन देऊन झालेले त्याचे अवशेषही चिकटतात. नुसत्या धुण्याने जात नाहीत. परत कापड, परत अल्युमिना, मग कुठे ब्लँक, म्हणजे कोऱ्या बफरचा स्कॅन, सपाट. याच चिकटण्याची दुसरी बाजू अशी, की त्याच द्रावणात स्कॅन पुन्हा पुन्हा केला तर पीक खाली खाली येतं, कारण टिकलीवर अवशेषांचा थर बसत जातो. म्हणजे पहिल्या स्कॅनवर विश्वास ठेवायचा आणि दर स्कॅनआधी घासायचं. पण हेच चिकटणं कामालाही येतं. स्कॅन लावण्याआधी द्रावण ढवळत इलेक्ट्रोडला थोडा वेळ तसाच बुडवून ठेवला, की पातळ द्रावणातलं औषधही टिकलीवर गोळा होतं आणि पीक मोठं येतं. जी खोड सकाळभर छळते तिच्याच जिवावर दुपारी आलेख काढायचा. या शास्त्रात शत्रू आणि मित्र एकाच वहीत असतात. त्या दिवसापासून ब्लँकचा स्कॅन न पाहता मी कोणाचं पीक मान्य करत नाही, स्वतःचं तर नाहीच.

कुपीतल्या प्लॅटिनमच्या तारेकडे पाहायची सवयही तेव्हाच लागली. तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही, प्लॅटिनम कशातच भाग घेत नाही असं सगळे धरून चालतात. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग यांनीही तेच धरलं होतं. विद्युतक्षेत्राचा पेशींवर काय परिणाम होतो हे बघायला त्यांनी ई. कोलाय जीवाणूंच्या द्रावणात प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड सोडले. जीवाणू मरेनात, पण विभागायचे थांबले आणि नुसते लांबत गेले, नेहमीच्या तीनशेपटीपर्यंत. हा प्रताप विजेचा नव्हता. इलेक्ट्रोडचं प्लॅटिनम विरघळून द्रावणातल्या अमोनिया आणि क्लोराइडशी जुळलं होतं. हे १९६५ साली छापून आलं, आणि त्यातून निघालेल्या सिसप्लॅटिनला १९७८ मध्ये कर्करोगाचं औषध म्हणून मान्यता मिळाली. आम्ही इलेक्ट्रोडने कर्करोगाचं औषध शोधत बसलोय आणि एक औषध इलेक्ट्रोडमधूनच बाहेर पडलेलं!

बफरमध्ये सगळं जमायला लागलं तसं मी शोधनिबंध वाचायला घेतले आणि नव्याने गोंधळले. कार्बन नॅनोट्यूब, ग्राफीन, सोन्याचे नॅनोकण, धातू-सेंद्रिय जाळ्या. कसलातरी थर टिकलीवर द्यायचा आणि शोधण्याची सीमा आणखी खाली न्यायची. प्रत्येक निबंध आधीच्यापेक्षा खाली. नॅनोमोलर, काही ठिकाणी त्याच्याही खाली. ही सीमा काढायची रीत अशी: ब्लँकच्या चढउताराचं प्रमाण विचलन घ्यायचं, तिप्पट करायचं, आलेखाच्या उताराने भागायचं. भागाकारातून येणारा आकडा पुष्कळदा प्रत्यक्ष मोजलेल्या सर्वांत पातळ द्रावणाच्याही खाली असतो. तिथे कोणी गेलेलंच नसतं, आकडाच तेवढा जाऊन आलेला असतो. आणि डॉक्टरला हवंय ०.१ मायक्रोमोलर, म्हणजे १०० नॅनोमोलर. मग एक नॅनोमोलरसाठी ही धडपड कशाला? मी हे जरा तावातावाने बोलले.

"रक्त तसंच घालणार का कुपीत?" शेजाऱ्याने विचारलं.

नव्हतोच घालणार. रक्तद्रवातला अल्ब्युमिन टिकलीवर असा बसतो की पीक दबून जातं. म्हणून आधी असिटोनायट्राइल घालून प्रथिनं साकळवायची, सेंट्रिफ्यूज करायचं, वरचं स्वच्छ पाणी घ्यायचं आणि ते बफरने पन्नासपट, शंभरपट पातळ करायचं. शंभरपट पातळ केल्यावर १०० नॅनोमोलरचं उरतं एक. मग ती नॅनोमोलरची धडपड एकदम शहाणपणाची दिसायला लागली. माझा ताव ओसरला.

पूर्ण नाही. कारण पातळ करून औषध शंभरपट कमी होतं तसे त्याचे शेजारीही शंभरपटच कमी होतात. गुणोत्तर जागच्या जागी. निरोगी माणसाच्या रक्तात यूरिक आम्ल २०० ते ४०० मायक्रोमोलर असतं, आम्ही शोधतोय त्या औषधाच्या शेकडो पट. त्याचं पीक आधीच येऊन जातं, म्हणून चालवून घेता येतं. पण ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन ही अमिनो आम्लं आमच्या औषधाच्या जवळपासच इलेक्ट्रॉन सोडतात, आणि ती प्रत्येकाच्या रक्तात आहेत. रुग्णाने पॅरासिटामॉल घेतलं असेल तर त्याचंही एक पीक. आणखी एक गुंता असा, की मेथोट्रेक्सेटचा साधारण अर्धा भाग रक्तात प्रथिनांना बांधलेला असतो. प्रथिनं साकळवताना तो सुटतो आणि आपण एकूण औषध मोजतो, जसं डॉक्टरांच्या तक्त्यात असतं. उद्या कोणी थेट रक्तात बुडवायचा सेन्सर काढला तर तो मोकळंच औषध वाचेल, आणि तक्ता बदलावा लागेल.

या सगळ्यांवर कडी आहे ती ल्युकोव्होरिनची. चोविसाव्या तासानंतर ज्याच्या रक्तात मेथोट्रेक्सेट मोजायचं, त्या प्रत्येक रुग्णाला ते चालू असतं. टेरिडिनचं कडं, पॅरा-अमिनोबेन्झॉइक आम्लाचा सांधा, शेवटी ग्लुटामेट. सांगाडा मेथोट्रेक्सेटचाच. फॉलेटची वाट अडवणारं औषध आणि फॉलेट पुरवणारं औषध एका वळणाची असणार, हे तर पाच मार्कांच्या उत्तरातच होतं. तरी मी वाचलेल्या निबंधांत 'इंटरफेरन्स' या मथळ्याखाली बहुतेक वेळा काय तपासलेलं? ग्लुकोज, सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, व्हिटॅमिन सी. त्यांतलं व्हिटॅमिन सी सोडलं तर बाकीचे या व्होल्टेजला कार्बनवर तोंडही उघडत नाहीत. जे गप्प बसणार हे माहीत आहे त्यांची साक्ष काढायची आणि जो बोलेल त्याला बोलवायचंच नाही, असा हा खटला. सगळेच असं करत नाहीत. काही जण फॉलिक आम्ल तपासतात, त्यांचं काम मी आता आधी वाचते.

घरी, नातेवाइकांत, एकच प्रश्न विचारला जातो: ग्लुकोमीटरसारखं करायला काय हरकत आहे? प्रश्न रास्त आहे. ग्लुकोमीटर हाच जगातला सगळ्यात यशस्वी विद्युतरासायनिक सेन्सर, १९६२ साली लेलंड क्लार्क यांनी मांडलेल्या कल्पनेतून आलेला. पण साखर रक्तात ५ मिलिमोलरच्या घरात असते, आमच्या एक मायक्रोमोलरच्या पाच हजार पट. आणि साखरेसाठी निसर्गाने ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर तयार ठेवलंय, जे बाकी कोणाकडे फारसं ढुंकून बघत नाही. मेथोट्रेक्सेटसाठी तसा द्वारपाल माणसाने बनवायला हवा. कोणी बहुलक औषधाच्या रेणूभोवती घडवून मग रेणू काढून घेतात, म्हणजे त्याच्या आकाराची पोकळी उरते. (ल्युकोव्होरिन तीत कितपत शिरतं, हा माझा पुढचा प्रश्न.) कोणी प्रतिपिंडं वापरतात. कोणी ॲप्टॅमर, म्हणजे ठरावीक रेणूला मिठी मारणारे डीएनएचे धागे. २०१३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँटा बार्बरा इथल्या गटाने अशा धाग्यांनी जिवंत उंदरांच्या वाहत्या रक्तात डॉक्सोरुबिसिनची पातळी सतत, तासन्‌तास मोजून दाखवली. सोन्यावर बसवलेला धागा औषध भेटलं की दुमडतो, त्याच्या टोकाला बांधलेला रंगद्रव्याचा रेणू सोन्याजवळ येतो आणि प्रवाह बदलतो. इथे औषधाने स्वतः इलेक्ट्रॉन द्यायची गरजच नाही. तो निबंध वाचून मी कापड, अल्युमिना सगळं बाजूला ठेवून नुसती बसून राहिले. हे काम ज्या दिशेने जायला हवं ती दिशा मला तरी तीच वाटते: आणखी खाली जाण्यापेक्षा आणखी निवडक होणं.

सध्या आमचा इलेक्ट्रोड विकत आणलेल्या मानवी रक्तद्रवात, मीच घातलेलं मेथोट्रेक्सेट बऱ्यापैकी बरोबर सांगतो. मी जेवढं घातलं तेवढं त्याने परत सांगितलं, तर त्याला रिकव्हरी म्हणतात, आणि ती शंभर टक्क्यांच्या जवळ आली की निबंध छापून येतो. पण त्या रक्तद्रवात ल्युकोव्होरिन नसतं. यकृतात बनणारं ७-हायड्रॉक्सी मेथोट्रेक्सेट नसतं, उलटी थांबवायला दिलेली औषधं नसतात, थकलेल्या मूत्रपिंडांमागे साचलेला मळ नसतो. हे सगळं एकत्र फक्त एकाच ठिकाणी असतं, उपचार चालू असलेल्या माणसाच्या नमुन्यात. ग्लुकार्पिडेज दिल्यावर तर मेथोट्रेक्सेटचा जो तुकडा उरतो त्याला इम्युनोअसेही फसतो आणि आकडा फुगवून सांगतो. प्रस्थापित यंत्राची ही गत, तर आमच्या काळ्या टिकलीने फुशारकी मारायचं कारण नाही.

म्हणून एक विनंती. ज्या रुग्णालयांत मेथोट्रेक्सेटची पातळी नेहमी मोजली जाते, तिथे चाचणी झाल्यावर नळीत थोडा रक्तद्रव उरतो आणि तो पिवळ्या पिशवीत जातो. एथिक्स कमिटीच्या रीतसर मंजुरीने, रुग्णाचं नाव-गाव काढून, तो आपल्या जवळच्या इलेक्ट्रोकेमिस्ट्रीच्या लॅबला द्या. नळीबरोबर दोनच गोष्टी लिहून पाठवा: कितव्या तासाचा नमुना आहे, आणि ल्युकोव्होरिन किती चालू होतं. तुमच्या यंत्राने दिलेला आकडा मात्र आमचं मोजून होईपर्यंत सांगू नका.